मूळ बंगालीत काय होतं, हे तिने विचारलंच नव्हतं

(पत्र थोडं काटून छापलं आहे. मैत्रिणींच्या गावांची नावं लेखिकेच्या परवानगीने बदलली आहेत.)

ताई, नमस्कार.

मी ठाण्यात राहते. वय ६१. एका कॉलेजात ग्रंथपाल होते, आता निवृत्त. शाळेतल्या आम्ही नऊ मैत्रिणी. लॉकडाऊनमध्ये एकीने व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, तेव्हापासून रोजच्या गप्पा चालतात. कामवाली आली नाही, गुडघे दुखतात, नातवाचा फोटो, आज भाजी काय, आणि रात्र झाली की मालिका. मला मालिकांपेक्षा त्या कशावरून घेतल्या यात जास्त रस. ‘टिपरे’सारखी एखादी सोडली तर पुस्तकाची माती करतात असं माझं मत, आणि ते मी लपवत नाही. ‘आई कुठे काय करते’ चालू असताना मी सांगितलं होतं की ही बंगालीवरून घेतली आहे आणि तिथे नायिकेचं पुढे दुसरं लग्न होतं. तेव्हा एकीने लाल तोंडाचा रागीट चेहरा टाकला होता. मी हसून सोडून दिलं.

आता ती मालिका संपली, पण नाशिकची मैत्रीण ॲपवर पुन्हा पहिल्यापासून बघते आहे. गेल्या महिन्यात तिने रात्री साडेअकराला लिहिलं, ‘अरुंधतीने घर सोडायला नको होतं. या वयात कुठे जाणार बाई?’ मी जागीच होते. मूळ बंगालीत काय आहे, हिंदीत काय केलं, मराठीत कुठे पाणी घातलं, सगळं सविस्तर लिहिलं. कुणी काही बोललंच नाही. दोन दिवसांनी मिरजेच्या मैत्रिणीचा मेसेज आला, ‘अगं इथे नको, त्या ग्रुपवर बोल.’ लगेच डिलीटही झाला, पण मी वाचला होता. म्हणजे मला वगळून दुसरा ग्रुप आहे.

मी खोटं काय लिहिलं? ग्रुप सोडावा का? दिवाळीनंतर सगळ्यांचं गणपतीपुळ्याला जायचं ठरतंय. जावं का?

— एक वाचक, ठाणे

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. गणपतीपुळ्याला जा. ग्रुप सोडू नका. आणि हे वाचून झालं की नाशिकला फोन करा, जमल्यास आजच. फोनची घाई का, ते पुढे सांगते.

तुम्ही खोटं काही लिहिलं नाही. ‘श्रीमोयी’ ही बंगाली मालिका जून २०१९ मध्ये सुरू झाली. लेखन लीना गंगोपाध्याय यांचं, मुख्य भूमिका इंद्राणी हालदार यांची. त्याच वर्षी डिसेंबरात मराठीत मधुराणी प्रभुलकर अरुंधती होऊन आल्या आणि जुलै २०२० मध्ये हिंदीत रूपाली गांगुली अनुपमा झाल्या. तेलुगू, तमिळ, मल्याळम, कन्नड प्रेक्षकांनाही आपापली श्रीमोयी मिळाली. एका बाईच्या संसाराची गोष्ट देशभर एवढ्या भाषांत एकाच वेळी चालू होती. बंगाली मालिका २०२१ मध्ये संपली, मराठी नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. त्यामुळे ज्याला बंगाली किंवा हिंदी ठाऊक, त्याला मराठीत पुढे काय होणार याचा अंदाज आधीच असायचा. पुस्तकावरून केलेल्या मालिकेत निदान एवढं असतं, की पुढचं जाणून घ्यायला कुणीतरी पाचशे पानं वाचलेली असावी लागतात. इथे रिमोटची दोन बटणं पुरतात.

तो रागीट चेहरा मला समजतो. दिवसभराच्या रगाड्यानंतर अर्धा तास ज्याची वाट बघायची, त्यातली उत्सुकता तुम्ही एका ओळीत काढून घेतलीत. यापुढे ‘पुढचं मला माहीत आहे, सांगू का?’ एवढं विचारायचं. कुणी ‘नको गं बाई’ म्हणालं तर गप्प बसायचं. त्या अपराधाला एवढी शिक्षा पुरे.

पण ती जुनी गोष्ट. दुसरा ग्रुप त्या रागातून निघाला असेल असं मला वाटत नाही. रात्री साडेअकराचा मेसेज जास्त महत्त्वाचा आहे.

तो पुन्हा वाचा. ‘अरुंधतीने घर सोडायला नको होतं. या वयात कुठे जाणार बाई?’ तुम्ही पहिलं वाक्य वाचलंत आणि उत्तर लिहायला घेतलंत. दुसऱ्या वाक्यात अरुंधतीचं नाव नाही. मालिकेतल्या अरुंधतीला कुठे जायचं हा प्रश्न फार वेळ पडत नाही. लेखक तिच्यासाठी एक दार उघडतात, गाणं देतात, पुढे दुसरा नवरा म्हणून आशुतोष देतात. हे सगळं एकदा पाहून झाल्यावर, शेवट ठाऊक असताना, जी बाई रात्री उशिरा मालिका पहिल्यापासून लावून बसते आणि तिथेच अडते, ती पटकथेवर अभिप्राय देत असण्याची शक्यता मला कमी वाटते. तसं नसेलही. कदाचित तिला झोप येत नव्हती, मालिका चालू होती आणि मनात आलं ते लिहिलं, इतकंच असेल. मी तिला ओळखत नाही. तुम्ही पंचेचाळीस वर्षं ओळखता. म्हणून फोन तुम्ही करायचा.

आपल्याकडे बायका मालिकांवर इतकं का बोलतात, यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला त्यांचा कंटाळा येतो. ग्रुपवर ‘माझा नवरा माझ्याशी चार चार दिवस बोलत नाही’ असं लिहिणं सोपं नसतं. कुणी स्क्रीनशॉट काढेल, कुणाची सून फोन हातात घेऊन बसली असेल, नऊ जणींपैकी एकीचा भाऊ त्याच नवऱ्याच्या ऑफिसात असेल. अरुंधतीच्या नवऱ्याबद्दल, ‘त्या अनिरुद्धला चांगला बदडला पाहिजे’ असं मात्र बिनधास्त लिहिता येतं. वाचणाऱ्या आठ जणींतल्या सहा जणींना कळतं की अनिरुद्ध कोण. त्या सहाही जणी अनिरुद्धलाच शिव्या देतात, घरातल्या माणसाचं नाव कुणी काढत नाही, आणि लिहिणारीला झोप लागते. ही सोय फार जुनी आहे. जात्यावरच्या ओव्यांत सासूचं नाव न घेता सासूबद्दल काय काय सांगून झालं आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको.

दूरदर्शनवरही हे होऊन गेलेलं आहे, आणि तीही एक प्रकारे बाहेरून आणलेलीच मालिका होती. १९८४-८५ मधली ‘हम लोग’ मेक्सिकोतल्या समाजप्रबोधनाच्या मालिकांचा नमुना समोर ठेवून केली होती, लेखक मनोहर श्याम जोशी. १५६ भाग झाले. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार पडद्यावर येऊन दोन शब्द बोलायचे. त्या मालिकेला चार लाखांच्या आसपास पत्रं आली. मालिका किती चांगली किंवा किती वाईट एवढ्यावर ती थांबली नव्हती. आमच्या लग्नाला घरचे तयार नाहीत, तुम्ही आईवडिलांची समजूत घाला, असं तरुण पोरं अशोककुमारांना लिहीत. मेक्सिकोतला मूळ नमुना कसा होता, हे त्यांच्यापैकी कुणाला विचारायचं नव्हतं. अशोककुमारांनी उत्तरादाखल ते सांगायला सुरुवात केली असती तर काय झालं असतं, याची कल्पना करा.

आता थोडं तुमच्या बाजूने. तुम्ही आयुष्यभर ग्रंथपाल होतात. समोर माणूस यायचा, प्रश्न विचारायचा, तुम्ही अचूक पुस्तक, अचूक पान काढून द्यायचात. त्या कामात अर्धवट उत्तर हा गुन्हा असतो. मैत्रिणींच्या गप्पांत प्रश्नचिन्ह असलेली अनेक वाक्यं येतात आणि त्यातली बरीचशी प्रश्न नसतात. ‘कुठे जाणार बाई?’ याला संदर्भसूची जोडायची नसते. निवृत्तीनंतर कुणी काही विचारायला येत नाही, ही पोकळी मोठी असते, आणि तिच्याबद्दल लोक फारसं बोलत नाहीत. निवृत्त शिक्षक लिफ्टमध्ये मुलांना पाढे विचारतात, निवृत्त बँकवाले लग्नात मुदत ठेवींचे दर सांगतात. तुमची माहिती त्यांच्यापेक्षा कितीतरी रंजक आहे. ती चुकीच्या वेळी बाहेर पडते, एवढंच.

आणि ती माहिती रंजक आहे, हे मी सांत्वनासाठी म्हणत नाही. त्याच मालिकांची गंमत बघा. नवऱ्याने दुर्लक्षित केलेल्या बाईच्या हातात स्वतःचं असं काय द्यायचं, हा प्रश्न प्रत्येक भाषेतल्या लेखकाला पडला. मराठीत तिला गाता येतं. हिंदीत ती नाचते, नृत्यवर्ग चालवते. तमिळमधली भाग्यलक्ष्मी स्वयंपाकातून धंदा उभा करते. गोष्ट तीच, पण तमिळ घरात तिला चुलीपाशी बळ सापडलं आणि मराठी घरात गळ्यात. असं का झालं असेल यावर तुम्ही आणि मी दोन तास बोलू. मराठी मध्यमवर्गीय घरात लग्नाआधी गाण्याच्या परीक्षा दिलेली आणि लग्नानंतर पेटी माळ्यावर टाकलेली एक तरी बाई असते, हे लेखकाला नेमकं माहीत होतं, असं मला वाटतं. हिंदीने नाच घेतला कारण पडद्यावर नाच दिसतो, गाणं फक्त ऐकू येतं. रोजच्या मालिकेला दिसणारं काहीतरी हवं असतं.

आता हीच माहिती तुम्ही ग्रुपवर अशी टाकली असती तर? ‘अगं, बंगालीवरून ही गोष्ट सगळीकडे गेली. आपली गाते, हिंदीतली नाचते, तमिळमधली मसाले विकते. आपल्यातलं कोण लग्नाआधी काय करत होतं गं?’ एवढंच. चार ओळी. मला खात्री आहे, तासाभरात पन्नास मेसेज आले असते. मिरजेची भरतनाट्यम शिकत होती, कुणी आकाशवाणीच्या बालदरबारात बोलली होती, एकीने कबड्डीत राज्य पातळी गाठली होती आणि सासरी कुणालाच ते माहीत नाही, असलं काही बाहेर आलं असतं. तीच माहिती, पण शेवटी प्रश्न तुम्ही विचारायचा आणि उत्तर त्यांनी द्यायचं. हे एकदा करून बघाच. नाशिकचा विषय मात्र त्यात आणू नका, त्याला ग्रुप ही जागा नव्हे.

‘पुस्तकाची माती करतात’ या तुमच्या मताबद्दल बोलायचा मोह आवरत नाही, म्हणून थोडं विषयांतर. तुम्हाला ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आवडते, मलाही आवडते. पण ती पुस्तकाबरहुकूम आहे का? दिलीप प्रभावळकरांचं ‘अनुदिनी’ म्हणजे एका आजोबांची रोजनिशी, आधी वर्तमानपत्रातलं सदर आणि मग पुस्तक. रोजनिशी एकाच माणसाच्या डोळ्यांनी लिहिली जाते. २००१ मध्ये अल्फा मराठीवर केदार शिंदे यांनी ती आणली तेव्हा शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका सगळ्यांना आपापलं बोलणं, आपापले प्रसंग द्यावे लागले. शुभांगी गोखल्यांची श्यामला आज आपल्या डोळ्यांपुढे आहे तशी कागदावर असणं शक्यच नव्हतं. म्हणजे तुमची सर्वांत लाडकी मालिका पुस्तकापासून बरीच दूर गेलेली आहे, आणि ते तुम्हाला खटकत नाही, कारण ती चांगली झाली आहे. तेव्हा तक्रार बदलण्याबद्दल नाहीच. वाईट बदलण्याबद्दल आहे, आणि त्यात मी तुमच्या बाजूने उभी आहे.

रोजच्या मालिकांची गत वेगळी. आठवड्याला सहा भाग, कधी सात. जाहिराती वजा जाता प्रत्येकी वीस-बावीस मिनिटं. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि त्यावर पुढच्या आठवड्यातलं कोण रडणार, कोण परत येणार हे ठरतं. ‘टिपरे’ आठवड्यातून एकदा यायची, तिला श्वास घ्यायला वेळ होता. पाच वर्षं रोज चालणाऱ्या गोष्टीत पाणी पडणारच. नायिकेने एकदा सोडलेलं घर तिला पुन्हा पुन्हा सोडावं लागतं, खलनायिका सुधारते आणि महिनाभराने बिघडते. हे तुमच्या मैत्रिणींना दिसत नाही असं समजू नका. त्यांना लांबण तुमच्याइतकीच कळते. भाजी निवडताना, इस्त्री करताना, सासऱ्यांना औषध देताना बघायची मालिका लांबलेली असली तरच परवडते. मधले चार संवाद चुकले तरी काही बिघडत नाही. तुमच्या कसोटीवर उतरणारी मालिका लावायची तर हातातलं काम सोडून बसावं लागेल, आणि तेवढी सवड त्या घरांत कुणाला असते?

आता दुसऱ्या ग्रुपबद्दल. तो आहे, हे धरून चला. कशासाठी आहे, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही तो तुमच्याविरुद्ध आहे असं धरलंत. मला त्या डिलीट झालेल्या मेसेजमध्ये वेगळं दिसतं. ‘अगं इथे नको, त्या ग्रुपवर बोल’ हे वाक्य मिरजेच्या मैत्रिणीने कुणाला उद्देशून लिहिलं असेल? साडेअकराच्या मेसेजनंतर दोनच दिवसांनी? माझा अंदाज असा, की नाशिकच्या मैत्रिणीचं काहीतरी चाललं आहे, दोघीतिघींना ते माहीत आहे आणि त्यांनी ते बोलायला छोटी जागा केली आहे. तुम्हाला तिथे घेतलं नाही, कारण तुम्ही ऐकून घ्याल याची त्यांना खात्री वाटली नाही. हे वाचायला कडू लागेल. पण ‘आम्हाला तू नकोस’ याहून हे पुष्कळ बरं आहे, आणि दुरुस्त करता येण्यासारखं आहे.

म्हणून ग्रुपबद्दल कुणालाही विचारू नका. मिरजेला फोन करून ‘मी वाचलं हं’ असं तर मुळीच सांगू नका. तिला आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल. दुसऱ्या मैत्रिणीकडून काढून घ्यायचा प्रयत्नही नको. तुम्ही विचारलंत की त्यांना एकतर खोटं बोलावं लागेल किंवा नाशिकचं गुपित फोडावं लागेल. दोन्हींत तुमचंच नुकसान. आणि ग्रुप सोडायचा विचार करताना हेही लक्षात घ्या, की २०२२ पासून व्हॉट्सॲपवर कुणी ग्रुप सोडला तर ते फक्त ॲडमिनला कळतं, बाकीच्यांना सूचना जात नाही. रागाने दार आपटून गेलात तरी आवाज होणार नाही. आठ दिवसांनी कुणीतरी विचारेल, ठाणेकर हल्ली गप्प का? तेवढ्यासाठी पंचेचाळीस वर्षांची सोबत टाकून द्यायची नाही.

आता फोन. मेसेज नको, व्हॉइस नोट तर नकोच, कारण ती ऐकताना शेजारी कोण बसलं असेल सांगता येत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला करा, घरातली माणसं झोपलेली किंवा बाहेर असतात ती वेळ. आधी ‘बोलायला मोकळी आहेस का?’ हे विचारा. मग सांगा, ‘त्या रात्री तू लिहिलंस आणि मी आपलं भलतंच पुराण लावलं. मला नंतर वाटत राहिलं, तू बरी आहेस ना गं?’ आणि थांबा. हे थांबणं तुम्हाला अवघड जाणार आहे. ती ‘हो गं, मजेत’ म्हणाली तर खोदू नका. तिच्या गुडघ्यांबद्दल बोला, नातवाबद्दल बोला, ‘कधीही फोन कर, मी रात्री जागीच असते’ एवढं सांगून ठेवा. ती बोलायला लागली तर ऐका. अरुंधतीचं नाव तिने काढल्याशिवाय काढू नका. तिने काढलं, तर बंगालीतलं सांगू नका.

समजा ती खरंच घर सोडण्याबद्दल बोलू लागली, किंवा मारहाण, पैशांची अडवणूक असलं काही निघालं, तर मग तुमच्यातला ग्रंथपाल कामाला येईल. तेव्हा अचूक माहितीच हवी असते. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१, जिवाला धोका असेल तर ११२. वकिलाचा खर्च परवडणार नाही अशी भीती असेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयाच्या आवारात त्याचं कार्यालय असतं आणि १५१०० हा त्यांचा देशभराचा क्रमांक आहे. फार बायकांना हे ठाऊक नसतं, शिकलेल्यांनाही. पण हे तिने विचारल्यावर. पहिल्याच फोनवर कलमं सांगायला लागलात तर तो मेसेज पुन्हा झाला असं समजा.

ती काहीही सांगो, तुम्ही ते दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही, मिरजेलाही नाही, तिला माहीत असलं तरी. कदाचित त्यानंतर त्या दुसऱ्या ग्रुपमध्ये तुम्हाला घेतलं जाईल. कदाचित नाही घेणार. दोन्ही वेळा मोठ्या ग्रुपवर तुम्ही आहात तशाच राहा, फक्त लांबी कमी करा. फोनवर वाचणाऱ्याला बोट फिरवून वर सरकवावा लागेल एवढा मेसेज मैत्रिणींना पाठवायचा नाही, हा एकच नियम पाळलात तरी पुष्कळ फरक पडेल. वाटेल तेव्हा भाजीबद्दलही लिहा. तुमच्या पत्रात तुम्ही इतरांच्या कामवाल्या, गुडघे, नातवंडं यांची यादी दिलीत. तुमच्या घरी आज काय झालं हे तुम्ही कधी लिहिता का, ते पत्रातून कळलं नाही. माझा संशय असा, की लिहीत नाही. त्यांना तुमची मतं माहीत आहेत, तुमचा दिवस माहीत नाही.

बंगाली, हिंदी, तमिळ हे सगळं पोटात ठेवायचं का? नाही हो. त्याला गिऱ्हाईक आहे, जागा बदलली पाहिजे. तुमच्या ठाण्यातच मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. तिथे किंवा घराजवळच्या कुठल्याही वाचनालयात जाऊन विचारा, महिन्यातून एक संध्याकाळ ‘पुस्तक आणि पडदा’ असा कार्यक्रम करू द्याल का. मृणाल कुलकर्णींनी शाळकरी वयात रमाबाई केलेली दूरदर्शनवरची ‘स्वामी’, चिं. वि. जोशींच्या कथांवरून आलेले प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ, शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ आणि तिच्यासाठी मालगुडी झालेलं कर्नाटकातलं आगुंबे गाव. विषयांची तुम्हाला कमी पडणार नाही. तिथे येणारा माणूस मूळ काय होतं हे ऐकायलाच घरून निघालेला असेल. पहिल्या संध्याकाळी सहाच जण आले तरी हिरमुसू नका, त्या सहांत दोन जण वाद घालणारे असतील.

गणपतीपुळ्याला एका खोलीत कोण कुणाबरोबर, हे आधीच ठरतं. तेव्हा तुम्हीच पुढे होऊन ‘मी आणि नाशिक एकत्र’ असं लिहून टाका, फोन झाल्यावर, आणि तिला चालणार असेल तरच. वाचायला पुस्तक न्या, एकच, तुमच्यापुरतं. आणि ठाण्याहून रत्नागिरीपर्यंत रेल्वेनेच जाणार असाल तर आरक्षण आता फक्त साठ दिवस आधी उघडतं आणि दिवाळीनंतरच्या कोकणातल्या गाड्या लगेच भरतात. तारीख पक्की झाली की तिकीट काढून ठेवा, नाशिककडून ती कशी येणार तेही त्याच फोनवर विचारून घ्या.